‘नॅनोचं औषध आलंय म्हणतात, आपण बाबांसाठी कमी पडतोय का?’

“मॅडम, नॅनोचं औषध आलंय. थेट मेंदूत जातं. आपल्याकडे कोणी सांगतच नाही.”

हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय. कधी कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) रुग्णाच्या घरून, कधी आईला अल्झायमर झालेल्या मुलीकडून. विचारणारं माणूस बहुधा मुंबईत नोकरीला असतं. शिमग्याला पाहिलेले वडील गणपतीला आल्यावर निराळेच दिसतात, पाय ओढत चालतात. मग परतीच्या गाडीत मोबाइलवर शोधाशोध सुरू होते.

मालवणजवळच्या एका गावातलं असंच एक घर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. काका जन्मभर तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचे प्रमुख. कंपवाताचं निदान होऊन काही वर्षं झालेली, गोव्याच्या न्यूरॉलॉजिस्टने दिलेली लेव्होडोपाची, म्हणजे कंपवातावरच्या नेहमीच्या औषधाची, गोळी चालू. खळ्यात बसून जाळं दुरुस्त करणं हे त्यांचं आवडतं काम, पण सुई आता हातात ठरत नव्हती. हात मोकळा असला तरी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहायची, जणू काहीतरी वळतायत. काकी म्हणाल्या, “गोळी घेतली तरी हात काय रवना नाय.”

थोरल्या मुलाने एका शहरातलं केंद्र शोधून काढलं होतं. तिथे सोन्याच्या नॅनोकणांचे थेंब मिळणार, कोर्स सहा महिन्यांचा, रक्कम एवढी की होडी इंजिनासकट विकावी लागली असती. काकांनी एकाच वाक्यात विषय संपवला होता, “होडी इकूक मी देवचंय नाय.” त्यावरून बाप-लेकात अबोला. काकींनी मला बोलावलं ते खरं तर या अबोल्यासाठी.

मुलाशी मी व्हिडिओ कॉलवर बोलले. तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. थोड्या वेळाने म्हणाला, “पैशापायी बाबांचा इलाज राहिला, असं मला आयुष्यभर वाटायला नको.” नॅनोच्या प्रश्नाखाली हा प्रश्न दडलेला असतो. त्याला ‘असलं काही नसतं, सोडून द्या’ म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही. त्याने वाचलेलं सगळंच खोटं नव्हतं. म्हणून आम्ही आधी औषधाबद्दलच बोललो. काका शेजारी बसून ऐकत होते.

कंपवातात मेंदूतल्या डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. मग बाहेरून डोपामिनच का देत नाहीत? कारण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की रक्तातली बहुतेक औषधं पलीकडे जाऊच शकत नाहीत. यावर काका पहिल्यांदा बोलले : म्हणजे जाळ्याचा आस बारीक, आणि हे नॅनो त्याहून बारीक म्हणून सुटून जाणार. केंद्रवाल्यांनीही मुलाला हेच सांगितलं होतं.

गोम इथेच आहे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, आणि औषधांतले नॅनोकण साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे. डोपामिनचा रेणू जेमतेम एका नॅनोमीटरचा, तरीही तो अडतो. म्हणजे नुसतं बारीक असून भागत नाही. मेंदूला लागणाऱ्या लोहासारख्या गोष्टी आत घेण्यासाठी त्या पेशींवर ठराविक ग्राहक (रिसेप्टर) असतात, म्हणजे ओळख पटली तरच आत घेणारे दरवाजे. कणाच्या पृष्ठभागावर त्यांना ओळखू येईल असं काहीतरी लावायचं, म्हणजे पेशी स्वतःच त्याला आत ओढून घेईल, असा संशोधकांचा प्रयत्न आहे. कल्पना फार सुंदर आहे आणि उंदरांमध्ये तिला काही ठिकाणी यशही मिळालंय. पण शिरेतून दिलेल्या कणांपैकी बरेचसे यकृत आणि प्लीहाच गिळून टाकतात, मेंदूपर्यंत थोडेच पोचतात.

नॅनोकणांनी माणसांचं भलं केलंच नाही, असंही नाही. कोविडच्या एमआरएनए लसी चरबीच्या नॅनोकणांतूनच दिल्या गेल्या. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं पॅटिसिरान हे औषध तर चेतातंतूंच्याच एका आनुवंशिक आजारावरचं आहे. पण ते काम करतं यकृतात, मेंदूत नाही. आणि सोन्याचं म्हणाल तर सोन्याच्या नॅनोस्फटिकांचं एक पिण्याचं औषध खरोखर तपासलं गेलंय. एएलएस या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये जाहीर झाला. मुख्य निकषावर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. कंपवात किंवा अल्झायमर बरा करणारं नॅनो-औषध आज कुठल्याही देशात दुकानात मिळत नाही. मुलाला मी हे अगदी याच शब्दांत सांगितलं. अशा वेळी गुळमुळीत बोललं की माणूस होडी विकतो.

“मग ते चाचणी चालू आहे म्हणाले, ते?” चाचणी खरी असेल तर भारतात ती आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत, म्हणजे चाचण्यांच्या यादीत, नोंदवावी लागते, २००९ पासून ते सक्तीचं आहे. ती यादी इंटरनेटवर कुणीही पाहू शकतं. चाचणीच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, आणि त्यातून इजा झाली तर उपचार व भरपाईची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर असते. मुलाने केंद्राकडे नोंदणी क्रमांक मागितला. उत्तर आलं नाही, सवलतीची ऑफर मात्र आली. मेंदूचे विकार बरे करण्याची जाहिरात करायलाच आपल्याकडे १९५४च्या कायद्याने बंदी आहे, हेही त्याला माहीत नव्हतं.

मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो केंद्राने पाठवलेल्या सूचनापत्रातल्या एका ओळीने : ‘कोर्स सुरू करताना इतर गोळ्या बंद कराव्यात.’ लेव्होडोपा एकदम बंद केली तर रुग्ण ताठरून जाऊ शकतो, तापाने फणफणू शकतो, जिवावर बेतू शकतं. घरोघरी हे माहीत असायला हवं.

मग मी काकींना दिवसभराचं विचारलं. गोळी कधी देता? “जेवण झाल्यार. उपाशी पोटी गोळी नको ना.” आणि जेवणात? भात, माशाची कढी, तळलेली तुकडी. लेव्होडोपाला आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत नेणारी वाहक प्रथिनं तीच असतात, जी मासळीतल्या प्रथिनांतून आलेल्या अमिनो आम्लांनाही नेतात. भरपेट मासळीवर गोळी घेतली की तिला वाट मिळता मिळत नाही. मी डॉक्टर नाही, म्हणून तिथेच न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला. त्यांनी गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यायला सांगितलं आणि मासळी शक्यतो रात्रीच्या जेवणात. मासे बंद करू नका, वजन उतरेल, हे त्यांनी निक्षून सांगितलं. मळमळ वाटली तर गोळीबरोबर पेज चालेल. हे काकांसाठीचं वेळापत्रक आहे. तुमच्या घरचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

काकांचा हात थांबला नाही. पण गोळीचा असर असतो त्या वेळात सुई हातात ठरते. धाकट्याने पडवीत पाऊल टाकायच्या अंतरावर रंगाचे आडवे पट्टे मारलेत. पाय जमिनीला खिळले की काका पट्ट्याकडे बघून पाऊल उचलतात. गोळीच्या वेळेला मुंबईहून फोन येतो, आणि तो काकाच उचलतात.

मुलाने शेवटी विचारलं, “उद्या खरंच एखादी चाचणी निघाली तर?” तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवायची, नोंदणी बघायची, संमतीपत्र मराठीत मागून काकांसमोर वाचायचं, आणि हो-नाही काकांनी ठरवायचं. डॉक्टरांची पुढची तारीख त्याने गणपतीच्या सुट्टीतली घेतलीय, म्हणजे त्याला स्वतः बरोबर जाता येईल.