जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन डॉकरमध्येच चालवायचं का, की थेट इन्स्टॉल करू?

तुम्ही लिहिलंय की सहाव्या पिढीचा आय५ लॅपटॉप घरात पडून आहे, त्यावर उबुंटू (लिनक्स) टाकून जेलीफिनने, म्हणजे घरातल्या फाइली टीव्हीला पुरवणाऱ्या सर्व्हर प्रोग्रामने, घरचे व्हिडिओ टीव्हीवर बघायचेत, आणि जो तो डॉकरच (प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या खोक्यात चालवायची सोय) सांगतोय. त्याची खरंच गरज आहे का?

गरज नाही. उबुंटूवर जेलीफिन थेटसुद्धा नीट बसतं. तरी मी तीन वर्षं कंटेनरमध्येच चालवतोय, कारण काही बिनसलं की कंटेनर उडवून पाच मिनिटांत परत उभा करता येतो. जपायचं असतं ते सगळं बाहेर असतं: एक कॉन्फिग फोल्डर (जेलीफिनची सेटिंग, पोस्टर, डेटाबेस) आणि व्हिडिओंची डिस्क. त्यामुळे डोकं लावायचं ते या दोन गोष्टींवर, आणि माझी फजिती झाली तीही दुसरीतच.

माझ्याकडे ३.५ इंची डिस्क होती, तिला स्वतःचा अडॅप्टर. पावसाळ्यात एका संध्याकाळी दहा मिनिटं लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, डिस्क मात्र गेली. लाइट आल्यावर मी ती पुन्हा माउंट केली, म्हणजे सिस्टमला जोडली, सगळ्या फाइली दिसल्या, म्हटलं झालं. टीव्हीवर मावशीच्या लग्नाचं पोस्टर दिसतंय, पण दाबलं की एरर. अर्धा तास टीव्हीलाच शिव्या घातल्या, ॲप काढून परत टाकलं. शेवटी डॉकर एक्झेकने कंटेनरच्या आत शिरून एलएस मारलं (फाइलींची यादी मागितली), तर तिथे इनपुट-आउटपुट एरर. कंटेनरने सुरू होताना जे माउंट पाहिलं होतं, तेच मेलेलं माउंट तो धरून बसला होता. पोस्टर दिसत होती कारण ती एसएसडीवरच्या कॉन्फिग फोल्डरमधून येत होती. कंटेनर रीस्टार्ट केला, चालू झालं.

याचंच दुसरं रूप मशीन बूट होताना भेटतं. डिस्कला फिरायला वेळ लागतो, डॉकर आधी उठतो. कंपोज फाइलमध्ये (कंटेनर कसा उभारायचा ते सांगणारी फाइल) व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरला द्यायचं बाहेरचं फोल्डर, नेहमीच्या छोट्या पद्धतीने लिहिलं असेल आणि फोल्डर जागेवर नसेल, तर डॉकर मुकाट्याने त्या नावाचं रिकामं फोल्डर स्वतःच बनवतो, तेही रूटच्या मालकीचं. म्हणून एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी) डिस्क यूयूआयडीने, म्हणजे तिच्या ओळख-क्रमांकाने, लिहा, एसडीबी-एसडीसी या नावांनी नको, ती बदलतात. डॉकरच्या सिस्टमडी (उबुंटूत सेवा सुरू करणारा प्रोग्राम) सर्व्हिसला रिक्वायर्स-माउंट्स-फॉर ही एक ओळ जोडून डिस्कचा पाथ द्या. मग डिस्क आल्याशिवाय डॉकर उठतच नाही. आणि नवी डिस्क घेणार असाल तर यूएसबीवरच वीज घेणारी २.५ इंची घ्या, म्हणजे लॅपटॉपची बॅटरी तिचाही यूपीएस होते. (झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये यासाठी लॉगिनडीच्या फाइलमध्ये लिड-स्विच इग्नोर करायला विसरू नका.)

कॉन्फिग फोल्डर एसएसडीवरच ठेवा. त्यात एसक्यूलाइट डेटाबेस असतो, म्हणून बॅकअप घेताना आधी कंटेनर थांबवा, मग कॉपी करा. इमेजला (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) ‘लेटेस्ट’ टॅग न लावता आवृत्तीचा आकडा लिहा. १०.११ मध्ये डेटाबेसची रचनाच बदलली. एकदा वर गेलात की जुन्या आवृत्तीवर यायला बॅकअपशिवाय मार्ग नाही.

आता ट्रान्सकोडिंग. टीव्हीला फाइल जशीच्या तशी वाजवता आली तर सर्व्हर नुसता हमाल असतो, त्याला काही कष्ट नाहीत. नाही आली तर त्याला चालता चालता रूपांतर करावं लागतं. तुमच्या प्रोसेसरमध्ये क्विक सिंक (व्हिडिओ रूपांतराचं हार्डवेअर) आहे, एच.२६४ आणि ८ बिट एचईव्हीसी हे व्हिडिओ फॉरमॅट तो आरामात करेल. १० बिट एचईव्हीसीला सातवी पिढी लागते. जेलीफिनमध्ये यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. फक्त कंटेनरला ग्राफिक्सचं डिव्हाइस, म्हणजे डेव्हमधलं डीआरआय, द्यावं लागतं आणि ग्रुप-ॲडमध्ये होस्टवरच्या (लॅपटॉपवरच्या) रेंडर ग्रुपचा नंबर टाकावा लागतो. नंबरच टाका. ते नाव कंटेनरच्या आत माहीत असेलच असं नाही.

पण खरं सांगू? घरचे व्हिडिओ असतील तर ट्रान्सकोडिंगच्या नादी लागूच नका. व्हीएचएसवरून उतरवलेल्या फाइली बहुतेक ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड (चित्र एकाआड एक ओळींनी भरलेलं) आणि एमपेग-२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असतात. टीव्हीवर मुंजीतला बटू पळाला की त्याच्या सोवळ्याच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात, ते इंटरलेसिंगमुळे. एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रामने बीडब्ल्यूडीआयएफ हा दाते काढणारा फिल्टर लावून त्या एकदाच एच.२६४ करून टाका, रात्रभर चालू द्या. मूळ फाइली मात्र पुसू नका. माझ्या रूपांतरित फाइली साधारण २ एमबीपीएसच्या झाल्या, आता कुठल्याही टीव्हीवर थेट चालतात.

घराबाहेरून बघायचं असेल तर राउटरवर जेलीफिनचा ८०९६ पोर्ट उघडू नका. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय, उघडूनही उपयोग नाही. आणि यूएफडब्ल्यूवर (उबुंटूचा फायरवॉल) विसंबू नका. डॉकर स्वतःचे नियम लावतो, तिथे बंद दिसणारा पोर्ट प्रत्यक्षात उघडा असू शकतो. मी टेलस्केल (आपल्याच उपकरणांचं खाजगी नेटवर्क जोडणारी सेवा) वापरतो. आईच्या अँड्रॉइड टीव्हीवर त्याचं ॲप आणि जेलीफिनचं ॲप, एवढंच टाकलंय. लग्नाची कॅसेट ती आता गावाला बसून बघते आणि पंगतीचा भाग आला की मला फोन करून विचारते, हा मागे उभा आहे तो कोण रे?