जुना गेम हवाय ना, मग अख्खं विंडोज कशाला?

प्रश्न : नमस्कार, माझ्याकडे एम2 मॅकबुक एअर आहे. रोलरकोस्टर टायकून 2 आणि एज ऑफ एम्पायर्स 2 च्या ओरिजिनल सीड्या अजून जपून ठेवल्यात, मुलाला ते गेम दाखवायचेत. यूएसबीचा सीडी ड्राइव्ह लावून बघितला, पण सेटअपवर डबल क्लिक केलं की काहीच होत नाही. ऑफिसमधले म्हणतात पॅरलल्स (मॅकच्या आत विंडोज चालवणारं अ‍ॅप) घे आणि विंडोज टाक. दोन गेमसाठी एवढा खर्च करू का? – एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी पैसे घालू नका. सल्ला चुकीचा नाहीये, पॅरलल्समध्ये विंडोज 11 ची एआरएम आवृत्ती, म्हणजे तुमच्या एम2 च्या जातीच्या चिपसाठीची, चालते आणि त्यात जुने प्रोग्रॅमही बऱ्यापैकी चालतात, पण तो मार्ग सगळ्यात शेवटी. पहिला प्रश्न नेहमी हा विचारायचा की या गेमचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम, कोणी नव्याने लिहिलंय का. रोलरकोस्टर टायकूनचं लिहिलंय, ओपनआरसीटी2 नावाने, आणि ते फुकट आहे. ख्रिस सॉयर या एकट्या माणसाने 1999 चा मूळ गेम जवळजवळ सगळा असेम्ब्लीत लिहिला होता, म्हणजे थेट इंटेल जातीच्या प्रोसेसरच्या भाषेत, आणि दुसरा भागही त्याच पायावर आहे, त्यामुळे तो तसाच उचलून एम2 वर आणणं शक्यच नव्हतं. लोकांनी 2014 पासून तो तुकड्या-तुकड्याने उलगडून पुन्हा लिहून काढला, केवढं काम आहे हे! तुमच्या सीडीतून फक्त चित्रं, आवाज आणि पार्कच्या फाइली लागतात. एखाद्या विंडोज कॉम्प्युटरवर गेम इन्स्टॉल करा, तो फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, मॅकवर ओपनआरसीटी2 पहिल्यांदा उघडलं की ते फोल्डर विचारतं तेव्हा तो दाखवा, झालं. मॅक कदाचित अडवेल, डेव्हलपर ओळखीचा नाही म्हणेल, तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत खाली जाऊन 'ओपन एनीवे' दाबायचं. मुलगा मोठ्या स्क्रीनवर फास्ट फॉरवर्ड करून खेळेल, आपल्याला त्या वेळी हे मिळत नव्हतं.

एज ऑफ एम्पायर्सचं तसं नाही. त्याचं नवं इंजिन अजून खेळण्याजोगं तयार नाही, म्हणून इथे वाइन. 1993 पासून चालू असलेला हा प्रकल्प विंडोज अजिबात वापरत नाही, गेम विंडोजकडे जे जे मागतो ते मॅकला समजेल असं करून देतो, मधल्या दुभाष्यासारखा. त्याचंच सोपं, पैसे देऊन घ्यायचं रूप म्हणजे क्रॉसओव्हर, ट्रायल मिळते, आधी त्यात गेम चालवून बघा आणि मगच विकत घ्या. व्हिस्की नावाचं फुकट अ‍ॅप बऱ्याच जणांनी सुचवलं असेल पण 2025 मध्ये त्याचं काम थांबलंय, नव्याने त्याच्या नादी लागू नका. स्क्रीन काळी राहिली किंवा रंग बिघडले तर दोष बहुतेक वेळा डायरेक्टड्रॉचा, म्हणजे विंडोजच्या चित्र दाखवणाऱ्या जुन्या भागाचा, असतो, कारण हा गेम 256 रंगांच्या जमान्यातला. सीएनसी-डीड्रॉ ही छोटी फुकट फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाका, मग वाइन कॉन्फिगरेशनमधल्या लायब्ररीज टॅबमध्ये 'डीड्रॉ' हे नाव अ‍ॅड करा. हे दुसरं पाऊल लोक विसरतात आणि मग म्हणतात फाइल टाकून फरक पडला नाही, अहो वाइनला सांगितलंच नाही तर ते स्वतःचीच वापरणार ना.

एक अडचण मात्र सीडीची आहे. त्या काळच्या बऱ्याच सीड्यांवर सेफडिस्कसारखं कुलूप असायचं, त्याचा ड्रायव्हर थेट सिस्टिमच्या गाभ्यात बसायचा, आणि सुरक्षेच्या कारणाने खुद्द विंडोज 10 ने तो चालवणं बंद केलं. म्हणजे सीडी ओरिजिनल असून गेम 'सीडी टाका' म्हणत बसतो, खूप चीड येते याची, पैसे मोजलेल्या माणसालाच त्रास. अशा वेळी जीओजी किंवा स्टीम या ऑनलाइन गेम दुकानांतून गेम पुन्हा घेणं परवडतं, जीओजीवर तर कुलूप नसतंच. एजची 2019 ची डेफिनिटिव्ह एडिशन स्टीमवर आहे.

प्रश्न : कॉम्प्युटर क्लासमध्ये खेळलेला प्रिन्स ऑफ पर्शिया मॅकवर चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : चालेल, मस्त चालेल. तो विंडोजचा नव्हेच, आपण खेळलो तो डॉसचा, आणि त्याच्याही आधी 1989 मध्ये तो आला तो अ‍ॅपल 2 वर, म्हणजे अ‍ॅपलच्याच मशीनवर परत आणताय तुम्ही. जुना डॉस कॉम्प्युटर मॅकवर उभा करणारं डॉसबॉक्स घ्या, माउंट कमांडने गेमच्या फोल्डरला सी ड्राइव्ह करा, त्या ड्राइव्हवर जा आणि प्रिन्स टाइप करा. सोबत मेगाहिट टाइप करून चीट लावायचात ना, तेही चालतं, फक्त नंतरच्या आवृत्तीत मेगाहिटऐवजी इम्प्रूव्ह्ड लिहावं लागतं. दुसरा एखादा डॉस गेम भन्नाट वेगाने पळायला लागला तर कंट्रोल आणि एफ11 ने हळू, एफ12 ने जलद, मॅकवर सोबत एफएन पण धरावं लागतं.

प्रश्न : जुना इंटेल आयमॅक विकू की गेमसाठी ठेवू? त्यात बूट कॅम्पवर विंडोज 10 आहे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : जागा असेल तर ठेवा, माझं स्पष्ट मत. अ‍ॅपलच्या चिपवाल्या मॅकवर बूट कॅम्प (मॅक थेट विंडोजमध्ये सुरू करायची सोय) नाहीच, त्यामुळे खरंखुरं विंडोज थेट चालवणारा मॅक आता नवीन मिळणार नाही. त्यात मोहावी या आवृत्तीपर्यंतचा मॅकओएस टाकता येत असेल तर आणखी किंमत, कारण त्यानंतरच्या, 2019 च्या कॅटालिनाने जुन्या पद्धतीचे 32 बिट प्रोग्रॅम चालवणं बंद केलं आणि लोकांनी पैसे देऊन घेतलेले मॅकचे कितीतरी जुने गेम एका अपडेटमध्ये गेले. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून त्या बाजूला बँकेचं, मेलचं काही करू नका, नेट बंद ठेवूनच खेळा.

आणि नव्या मॅकवर वाइन वापरणाऱ्यांनी रोझेटाकडे लक्ष ठेवा. इंटेलचा कोड अ‍ॅपलच्या चिपवर चालवून देणारा हा थर पूर्ण स्वरूपात मॅकओएस 27 पर्यंतच राहणार, असं अ‍ॅपलने 2025 मध्ये सांगितलंय. त्यानंतर जुन्या, देखभाल बंद पडलेल्या गेमसाठी त्यातला काही भाग ठेवणार म्हणतात. तुमचा आवडता गेम त्यात बसेल की नाही हे कळेपर्यंत नवा अपडेट टाकायची घाई करू नका, आणि सीड्यांमधल्या फाइली आत्ताच हार्ड डिस्कवर काढून ठेवा, सीडी कायमची टिकत नाही.