चार वाजताची कूस

प्रश्न : गेल्या आठवड्यात पिंपळगाव बसवंतहून नाशिकला येताना एसटीत शेजारी एक बाई बसल्या होत्या. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये घड निवडायला जातात. बोटांना चिकटपट्ट्या, मांडीवर रिकामा डबा. उन्हाच्या गप्पा चालल्या होत्या. बरोबर चार वाजता त्यांच्या फोनचा गजर वाजला. त्यांनी घरी फोन लावला, "आता उजव्या कुशीवर घे रे. हाताला धरून ओढू नको. टाच गादीला टेकत नाही ना, बघ." फोन ठेवला आणि पुन्हा उन्हाचं बोलू लागल्या. विचारलं तेव्हा कळलं, दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. सकाळी सासूबाई बघतात, दुपारी शाळा सुटली की आठवीतला मुलगा. "अजून पाठीला एक जखम होऊ दिली नाही," एवढंच म्हणाल्या आणि ओझरला उतरल्या. माझे सासरे महिन्यापूर्वी असेच अंथरुणाला खिळले. त्यांच्या माकडहाडावर लाल चट्टा आला आहे. त्या बाईंना जे जमलं ते आम्हाला कसं जमेल? आणि त्या पुन्हा भेटल्या तर मी त्यांच्यासाठी काय करू?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, आधी चट्ट्याचं बघू, ते आजच करायला हवं. चट्ट्यावर बोट दाबा आणि सोडा. जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्त तिथं अजून पोचतं आहे. भार काढला की चट्टा निवळेल. दाबूनही रंग बदलला नाही, तर ती बेडसोअरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी समजा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हाताची पाठ लावून बघा: आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा पिचपिचीत लागतं का? त्या जागी मालिश करू नका, आतला दुखावलेला भाग आणखी चेंगरतो. स्पिरिट नको, पावडरचे थरही नकोत. मध्ये भोक असलेली रबरी रिंग बरेच जण आणतात. तिच्या कडेचाच दाब पडून मधल्या भागाचं रक्त अडतं. चट्टा जाईपर्यंत त्यांना उताणं ठेवू नका, डावी-उजवी कूसच आलटून पालटून ठेवा. फोड आला, कातडी सुटली, पाणी किंवा वास येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता त्या बाईंचा फोन. त्यांनी तीनच वाक्यं सांगितली आणि अशा रुग्णाची निम्मी शुश्रूषा त्यात आली. आपण झोपेतही नकळत हलत असतो. ज्याची बाजू गेली तो हलू शकत नाही, आणि बऱ्याचदा त्या बाजूला दुखलेलंही कळत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, तासन् तास तसंच राहिलं की आतला भाग मरायला लागतो. म्हणून दर दोन तासांनी कूस.

कुशीवर घ्यायचं म्हणजे पूर्ण आडवं करायचं नाही, तसं केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. साधारण ३० अंश कलवा, म्हणजे वजन ढुंगणाच्या मांसल भागावर राहतं. पाठीमागे एक उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक आणि पोटऱ्यांखाली एक. पोटरीखालची उशी अशी ठेवा, की टाचेखालून तुमचा हात सहज फिरेल. टाचेला मांस नसतं, तिथली जखम भरायला महिने जातात.

एकट्याने वळवायचं असेल तर ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला उभं राहा. रुग्णाचा पलीकडचा गुडघा दुमडा, पलीकडचा हात छातीवर घ्या, मग खांद्यामागे आणि कमरेमागे हात घालून स्वतःकडे वळवा. स्वतःकडे, म्हणजे पलंगावरून पडायची भीती राहत नाही. वर सरकवायचं काम मात्र एकट्याने कधीच करू नये. जुनं सुती पातळ चौपदरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत पाठीखाली कायम असू द्या. दोघांनी दोन कडा गुंडाळून घट्ट धरायच्या आणि उचलून वर न्यायचं. ओढलं तर कातडी गादीला घासून सोलते. डोक्याकडची बाजूही जेवणाची वेळ सोडून फार उंच ठेवू नका, माणूस घसरत खाली येतो आणि माकडहाडावरची कातडी ताणली जाते.

"हाताला धरून ओढू नको" हे तर घरातल्या प्रत्येकाला, भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनाही सांगा. पक्षाघाताने खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात. काखेत हात घालून किंवा मनगट धरून उठवलं की सांधा निसटतो आणि पुढे कायम दुखत राहतो. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना तो शेवटी.

जेवण भरवताना ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, घास चांगल्या बाजूच्या गालात. साधं पाणी सगळ्यात जास्त ठसकवतं. पेज किंवा आंबील दाट असल्याने हळू उतरते. पण कुणाला काय चालेल हे गिळण्याची तपासणी करूनच ठरवायचं. पाणी प्यायल्यावर खोकला आला किंवा आवाज ओला, घोगरा झाला, तर भरवणं थांबवा आणि डॉक्टरांना विचारा. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसू द्या आणि लुळ्या गालात घास अडकला आहे का ते बोट न घालता चमच्याच्या दांड्याने बघा.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. त्या बाईंना "तुमचं कौतुक वाटतं" म्हणा, जरूर म्हणा. दोन वर्षं पाठ नितळ ठेवणं ही साधी गोष्ट नाही, हे त्यांना क्वचितच कुणी सांगितलं असेल. पैसे मात्र हातात कोंबू नका. "काही लागलं तर सांगा" यालाही उत्तर येत नाही, कारण सांगायला संकोच वाटतो. त्याऐवजी वेळ नेमून विचारा, "मावशी, रविवारी दोन ते सहा मी येऊन बसू का? कूस कशी बदलायची ते मला शिकवा." त्या चार तासांत त्यांना झोप मिळेल आणि तुम्हाला घरच्यासाठी हात बसेल. मुलालाही तेवढा वेळ मैदानावर जाता येईल. आठवीतल्या पोराच्या कमरेचीही काळजी घ्यायला हवी: पलंगाच्या पायांखाली भक्कम ठोकळे घालून गादी त्याच्या कमरेएवढी उंच केली, तर वाकून उचलणं टळतं.

कागदपत्रं झाली आहेत का, तेही विचारा. त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात अपंगत्वाची तपासणी होते. प्रमाण ४० टक्के किंवा जास्त निघालं, तर यूडीआयडी कार्डावर, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रावर, एसटीच्या भाड्यात सवलत मिळते आणि उत्पन्नाच्या अटीत बसलं तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. २०२३ मध्ये हे अनुदान महिना १,५०० रुपये झालं. सध्याचा आकडा आणि उत्पन्नाची मर्यादा तिथंच विचारून घ्या. या खेपांमध्ये पॅकहाऊसचा रोज बुडतो म्हणून लोक टाळत राहतात. फॉर्म भरून देणं, झेरॉक्स काढून आणणं, रांगेत उभं राहणं, यातलं जे जमेल ते तुम्ही अंगावर घ्या.

आणखी एक गोष्ट त्यांना नक्की सांगा, तुम्हालाही ती लागेल. रात्रीचा गजर कायम दोन तासांचाच हवा असं नाही. गादी चांगल्या फोमची किंवा हवेची असेल आणि आठवडाभर कातडीवर एकही डाग नसेल, तर डॉक्टरांना विचारून रात्रीचं अंतर आधी तीन तास करून बघा, प्रत्येक वेळी माकडहाड, खुबे आणि टाचा बॅटरीच्या उजेडात तपासा, आणि चार-पाच दिवस काही दिसलं नाही तर चार तासांवर जा. हवेच्या गादीखाली हात घालून हाड लागत नाही ना हे रोज बघायचं. वीज गेली की पंप बंद पडतो, तेव्हा पुन्हा दोन तास. रात्री अकरा, तीन आणि सकाळी सात असं बसलं, तर त्या माउलीला सलग चार तास झोप मिळेल.