शामोनीतला पहिला उन्हाळा: सुरुवात कुठून कराल

शामोनी हे फ्रेंच आल्प्समधलं गिर्यारोहणाचं गाव. तिथलं सर्वांत उंच शिखर माँ ब्लाँ या खेपेला बाजूला ठेवा. पहिलं शिखर म्हणून एग्वी द्यू तूर (सुमारे ३५४० मी.) घ्या. ल तूर गावातून (१४५३ मी.) पहिल्या दिवशी आल्बेर प्रमिए हट (गिर्यारोहकांचं मुक्कामाचं ठिकाण, २७०२ मी.), दुसऱ्या दिवशी शिखर करून खाली. बेताच्या उताराची हिमनदी आणि शेवटी सोपा खडक, शिकायला उत्तम.

वेळेचं गणित उलटं मांडा: दुपारी बाराच्या आत हटवर परत. चढ ८४० मी., ताशी २५० धरा, म्हणजे साडेतीन तास. उतरायला अडीच, दोर आणि क्रॅम्पॉन (बुटाखालचे बर्फातले खिळे) बांधण्यात आणि विश्रांतीत एक. म्हणजे पाचच्या आतच निघायला हवं. उन्हाने बर्फ मऊ झाला की हिमभेगांवरचे बर्फाचे पूल कमकुवत होतात, आणि दुपारी गडगडाटी वादळं येतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- सह्याद्रीतल्या दमावर विसंबणं. कळसूबाई १६४६ मी.; ही हटच तिच्याहून हजार मीटर उंच. आधी दोन दिवस २५०० मीटरच्या आसपास फिरा.
- फक्त पाऊस बघणं. शून्य अंशाची पातळी (जिथे हवेचं तापमान शून्यावर येतं ती उंची) किती उंचीवर आहे तेही बघा. ती ४००० मीटरच्या वर आणि रात्र ढगाळ असेल तर बर्फ घट्ट होत नाही, बेत बदला.
- जुन्या वर्णनावर जाणं. हिमनद्या आटत आहेत, जुलैची वाट ऑगस्टअखेर राहतेच असं नाही. शामोनीतल्या ला शामोन्यार्द या डोंगरातल्या सुरक्षिततेची माहिती देणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात आणि हटच्या रखवालदाराला ताजी स्थिती विचारा.

हिमभेगेतून माणूस बाहेर काढता येत नसेल, तर पहिल्यांदा गाइड घ्याच. दोराच्या गाठी, अँकर वगैरे नंतर बोलू.