विज्ञान शंका-समाधान : चुंबक किती लहान असू शकतो?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला विज्ञान शिकवते. चुंबकाच्या धड्यात मुलांनी नॅनोचुंबकांविषयी विचारले. शाळेत प्रयोगशाळा नाही आणि पट्टीचुंबकही एकच आहे. डोळ्यांना न दिसणारी ही गोष्ट मुलांकडून प्रत्यक्ष कशी करून घ्यावी?
— एक शिक्षिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, ही व्याख्या फळ्यावर लिहून सुरुवात करू नये, असे मी आग्रहाने सुचवीन. मुले ती पाठ करतील, पण त्यांना प्रश्न पडणार नाही. प्रश्न पडतो तो चुंबक तोडताना. हॅक्सॉ ब्लेडच्या जुन्या तुकड्यावर पट्टीचुंबकाचे एकच टोक एकाच दिशेने पुनःपुन्हा घासले, की तो तुकडा चुंबक होतो. मग तो जाड फडक्यात गुंडाळून पकडीने आपण स्वतःच तोडावा. दोऱ्याला टांगलेल्या चुंबकित सुईजवळ मुलांनी प्रत्येक तुकड्याची टोके नेली, तर दोन्ही तुकड्यांना उत्तर आणि दक्षिण असे दोन ध्रुव आढळतील. असे तोडत कुठवर जाता येईल, हे मुलांनाच विचारावे.

यापुढचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यासाठी पूर्ण तासिका द्यावी. बूच असलेल्या पारदर्शक नळीत पाऊण भाग लोहकीस भरून ती आडवी ठेवावी आणि चुंबक तिच्यावरून एकाच दिशेने सावकाश फिरवावा. कीस रांगेत लागताना मुलांना दिसतो. नळी न हिंदकळता सुईजवळ नेल्यास तिचे एक टोक सुईच्या एका ध्रुवाला दूर ढकलते, आणि प्रतिकर्षण हीच चुंबकत्वाची खरी कसोटी आहे. आता नळी जोराने हलवावी. कण तेच, लोखंडही तेवढेच, पण दिशा विस्कटल्यामुळे प्रतिकर्षण संपते. नळीत हे काम हात करतो. अतिसूक्ष्म कणांत ते उष्णता करते. मॅग्नेटाइट या लोहयुक्त चुंबकीय खनिजाचा कण साधारण २० नॅनोमीटरपेक्षा लहान असेल, तर नेहमीच्या तापमानालाही त्याच्या आतील चुंबकत्वाची दिशा सतत उलटसुलट होत राहते, आणि चुंबक जवळ आणला तरच असे सारे कण एका दिशेला वळतात. याला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात; हे नाव सांगण्याची घाई नको.

आपला भाग बेसाल्ट खडकाचा असल्याने गावच्या नाल्यातील वाळूत मॅग्नेटाइट सापडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक ठेवून तो कोरड्या वाळूतून फिरवला, की पिशवीला काळे कण चिकटतात, आणि चुंबक बाहेर काढताच ते गळून पडतात. हे कण गोडेतेलात टाकून हलवले तरी थोड्या वेळात तळाशी बसतात. नासातील स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ साली चुंबकाने ओढता येणारा द्रव तयार केला. वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन हव्या त्या जागी ओढून घेता यावे, हा त्यामागील हेतू होता. अशा चुंबकीय द्रवातील (फेरोफ्लुइडमधील) कण सुमारे १० नॅनोमीटरचे असतात आणि एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर लेप असतो, त्यामुळे ते तळाशी बसत नाहीत.

जुन्या इअरफोनमधील बारीक, जोरकस चुंबक मात्र मुलांच्या हाती देऊ नयेत. असे दोन चुंबक गिळले गेल्यास ते आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतून एकमेकांना ओढतात व आतड्याला छिद्र पडू शकते; तशी नुसती शंका आली तरी मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.