कृष्णविवर नसेल, तर मग काय असेल?

मागच्या लेखात ‘कृष्णविवराला पर्यायही सुचवले गेले आहेत’ एवढं एकच वाक्य लिहून मी पुढे गेलो होतो. वाचकांनी नेमकं तेच पकडलं. त्यातले काही प्रश्न आज घेतो.

२०१९मध्ये कृष्णविवराचा फोटोच निघाला. मग पर्याय हवेत कशाला?

एम८७ दीर्घिकेच्या त्या चित्रात चकाकती कडी आणि मधली सावली दिसते. घटना क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही परतत नाही ती सीमा, दिसत नाही. प्रकाशाला स्वतःभोवती फिरवण्याइतकी घट्ट, पण स्वतः न उजळणारी दुसरी एखादी वस्तू असली, तरी बरीचशी तशीच सावली पडेल. शिवाय कृष्णविवराच्या मध्यभागी आपली समीकरणं अनंत घनता सांगतात. गणितात अनंत आलं की भौतिकशास्त्रज्ञाला सिद्धांतातच काहीतरी राहून गेल्याचा संशय येतो.

साधं द्रव्यच दाबत नेलं तर?

नाही जमत. आतून बाहेर घनता कमी होत जाणारा साध्या द्रव्याचा गोळा तेवढ्याच वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या क्षितिजाच्या त्रिज्येच्या ९/८ पटीपेक्षा लहान झाला, की कोणताही दाब त्याला सावरू शकत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ बुखडालने १९५९मध्ये दाखवलं. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी ही मर्यादा साधारण ३.३ किलोमीटर.

ग्रॅव्हास्टार आणि बोसॉन तारा यांत फरक काय?

ग्रॅव्हास्टार ही मझूर आणि मोटोला यांची २००१ची कल्पना. आत बाहेरच्या दिशेने रेटणारी, विश्वाच्या प्रसरणाला वेग देणाऱ्या कृष्णऊर्जेसारखी ऊर्जा आणि भोवती पातळ, ताठ कवच. बोसॉन ताऱ्याची कल्पना त्याहून जुनी, १९६८-६९ची. एकाच क्वांटम अवस्थेत एकत्र राहू शकणाऱ्या, बोसॉन नावाच्या कणांचा हा गोळा स्वतःच्याच गुरुत्वाने बांधलेला असतो आणि कणांच्या लाटांसारख्या स्वभावामुळे कोसळत नाही. मला यातला बोसॉन तारा पटतो. असे कण निसर्गात आहेत की नाहीत ते बाजूला ठेवू, पण त्याचं गणित तरी पूर्ण मांडता येतं. ग्रॅव्हास्टारचं कवच नेमकं कशाचं, हे विचारलं की गोष्टी धूसर होतात.

पण अशा वस्तू टिकतील का?

हा सगळ्यात चांगला प्रश्न. टोकावर उभी केलेली पेन्सिलसुद्धा कागदावरच्या गणितात तोल सांभाळते. वस्तूला थोडा धक्का देऊन बघायचा. कृष्णविवर धक्का दिला की घंटेसारखं ठरावीक सुरात घुमतं आणि निवतं, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७०मध्ये दाखवलं होतं.

पर्यायांची अडचण वेगळी आहे. न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती क्षितिजाच्या दीडपट त्रिज्येवर प्रकाश वर्तुळात फिरू शकतो, मात्र जरा ढळला की आत पडतो किंवा बाहेर निसटतो. क्षितिज नसलेल्या अतिघट्ट वस्तूत अशी वलयं जोडीने येतात आणि त्यातलं आतलं स्थिर असतं, असं कुन्हा, बर्टी आणि हर्डेरो यांनी २०१७मध्ये मांडलं. स्थिर ऐकायला बरं वाटतं, पण घात तिथेच आहे. आत शिरलेल्या लहरी भोवऱ्यात सापडलेल्या पाचोळ्यासारख्या तिथेच फिरत राहतात आणि ऊर्जा साठत जाते. २०२३मध्ये अशा बोसॉन ताऱ्यांची संगणकावर नक्कल केली, तेव्हा ते एकतर कोसळून कृष्णविवर झाले, नाहीतर फुगून सैल पडले आणि वलयंच गमावून बसले. म्हणजे सोंग घेणारा एकतर खराच झाला, नाहीतर त्याचं सोंग उतरलं!

यावरून सगळेच पर्याय बाद झाले असं मात्र नाही. काही वस्तू अडकलेल्या लहरी शोषून घेत असतील, किंवा बिघाड व्हायलाच अतिप्रचंड काळ लागत असेल. वस्तू वेगाने फिरत असेल, तर संकट आणखी एक. क्षितिज नसताना तिच्याभोवतीच्या लहरी फिरण्याचीच ऊर्जा ओढून वाढत जातात, हे फ्रीडमनने १९७८मध्ये दाखवलं. कृष्णविवराचं क्षितिज त्या गिळून टाकतं.

गुरुत्वीय लहरींत ‘प्रतिध्वनी’ सापडल्याचं वाचलं होतं. त्याचं काय झालं?

क्षितिजाऐवजी काही पृष्ठभाग असेल, तर लहरी त्यावरून परतून थोड्या उशिराने पुन्हा ऐकू याव्यात, असा तो विचार. २०१६च्या शेवटी तसा दावा झाला. नंतर जास्त नोंदी हाती आल्या, तशी पुष्टी मिळाली नाही.