गोकाकच्या दगडावरच्या रेघा किड्यांच्या की पाण्याच्या?

प्रश्न: आम्ही शहापूरची मंडळी गोकाक फॉल्सला गेलो होतो. तिथल्या तांबूस दगडावर लाटांसारख्या रेषा दिसल्या आणि एका थरावर दोऱ्यासारख्या उठलेल्या वाकड्यातिकड्या रेघा. मुलगा म्हणतो, हे किड्यांच्या मागाचे फॉसिल. खरं आहे का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर: मुलाची नजर भारी आहे, पण किड्यांचे माग तिथे मिळायचे नाहीत. बेळगावातला काळा दगड लाव्ह्याचा, गोकाकचा मात्र वाळूचा, कलादगी-बदामी पट्ट्यातला, प्रोटेरोझोइक काळातला (म्हणजे साधारण 250 ते 54 कोटी वर्षांपूर्वीचा) आणि पाण्याच्या तळात नीट बिळं करणारे प्राणी साधारण 54 कोटी वर्षांपूर्वीपासून दिसायला लागतात, हा खडक त्याच्याही आधीचा.

मग उठलेल्या रेघा कसल्या? बहुतेक चिखलाचा थर आकसून तडकला, भेगांत वाळू भरली आणि पुढे मऊ चिखल झिजून वाळू तेवढी वर राहिली. ओळखायचं असं की भेग टोकाला निमुळती होते, उभ्या छेदात खाली चिंचोळी दिसते, आणि बिळाची रुंदी बहुधा सगळीकडे सारखी, छेद गोल, एक बीळ दुसऱ्याला कापून सरळ पुढे जातं. लाटांच्या रेषांना बाजूनं बघा, दोन्ही उतार सारखे असतील तर पाणी मागेपुढे हलत होतं, एकच उतार खडा असेल तर प्रवाह त्या खड्या बाजूकडे वाहत होता.

कच्छच्या जुरासिक, म्हणजे डायनोसोरच्या काळातल्या, खडकात मात्र बिळं भरपूर आहेत आणि तिथला तळ कसा होता हे सांगायला मला ती शिंपल्यांपेक्षा भरवशाची वाटतात कारण शिंपला वाहून येतो, बीळ जिथं केलं तिथंच राहतं. वाळूत उभ्या नळ्या दाट असतील तर बहुतेक वेळा उथळ, लाटांनी ढवळलेला तळ.

आपल्याकडे गोकाकला बिळांची ही सोय नाही म्हणून वाळूच्या दाण्यांना जास्त विचारावं लागतं. दगडाची चकती काचेवर चिकटवून 0.03 मिलिमीटरपर्यंत घासतात, मग उजेड आरपार जातो आणि पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली दाणे ओळखता येतात. 95 टक्क्यांच्या वर क्वार्ट्झ (गारगोटीचं टिकाऊ खनिज) असेल तर बाकीची कच्ची खनिजं वाटेत कुजून, झिजून गेली, फेल्डस्पार (लवकर कुजणारं खनिज) भरपूर असेल तर वाळू सहसा जवळच्या ग्रॅनाइटसारख्या खडकातून पटकन येऊन गाडली गेली. पण गोल दाणा आधीच्याच एखाद्या वाळूच्या दगडातून सुटून आलेला असू शकतो, त्यामुळे नुसत्या दाण्यावरून इथं समुद्र होता की नदी हे ठोकून सांगू नये, लाटांच्या रेषा आणि तिरपे थर सोबत बघावेच लागतात.

पुढच्या वेळी रेघेचा वरून आणि बाजूनं, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, दगड फोडू नका. आणि पावसाळ्यात घटप्रभा भरून वाहते तेव्हा मुलाला कडेच्या दगडावर सोडू नका.